ओळखीची माणसं अभ्यासाला आणणं: मदत की गळ?

उद्यमनगरचा
मानसशास्त्रात एम.ए. करून मी सध्या मेंदूवरच्या एका प्रकल्पात संशोधन सहायक आहे. प्रकल्प बाहेरगावच्या विद्यापीठाचा, केंद्र कोल्हापुरात. साठीपुढच्या माणसांचं लक्ष आणि स्मरण कसं बदलतं ते ईईजीवर, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूतल्या विजेच्या नोंदीवर, बघायचं. सर अधूनमधून येतात, बाकी आम्ही दोघंच.

ऐकायला भारी वाटतं, पण निम्मं काम डोकं मोजण्याचं. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या, मग टोपी, मग एकेका इलेक्ट्रोडखाली जेल. इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यातला विजेला होणारा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आणायचा तर केसांना तेल नको. आता आपल्याकडच्या आजींना 'येताना तेल लावू नका' सांगून बघा. न्हाऊन, चापून तेल लावून, वेणी घालून हजर! मग कानात सूर ऐकवायचे. बहुतेक एकसारखे, मधूनच एक वेगळा. वेगळा आला की बटण दाबायचं. तो ओळखल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी ईईजीत एक लाट उठते, आणि वय वाढेल तशी ती उशिरा येते. आम्हाला ती लाट हवी.

प्रश्न असा की माणसं आणायची कुठून? पोस्टर लावून कुणी फिरकलं नाही. मग मी आईच्या भिशीतल्या काकू, चुलते, गल्लीतल्या तालमीतले जुने पैलवान असे बोलावले. आले सगळे. आता माझी सहकारी म्हणते, 'ही गळ घालणं झालं. तुझ्या तोंडावर नाही कोण म्हणणार?' मला ते पटत नाही. संमतीपत्र मराठीत आहे, मी ते वाचून दाखवतो, कधीही उठून जा म्हणून सांगतो. ओळख नसेल तर इथं कुणी डोक्याला हातसुद्धा लावू देणार नाही. तुमचं मत?

कागलची सून
तुमच्या सहकारीचं बरोबर आहे.

आमच्या मामंजींना असंच नेलं होतं, कुठल्या केंद्रावर ते सांगत नाही. भावकीतला पोरगा घरी आला, चहा झाला, 'काका तेवढं या की' म्हणाला. मामंजी नाही म्हणणारच नव्हते, त्याच्या बापानं आमच्या विहिरीच्या वेळी मदत केलेली. तपासणी झाली, डोक्यातलं जेल धुताना माझ्याच नाकीनऊ आले. त्यानंतर मामंजी रोज एकच विचारायचे, 'माझा रिपोर्ट कधी येणार?' हल्ली नावं विसरतात, त्यांना वाटलं मशीन सांगेल काय झालंय. कागदावर 'वैयक्तिक अहवाल दिला जाणार नाही' असं होतं की. सहीही त्यांचीच. पण त्यांनी कागदाला नाही, त्या पोराला हो म्हटलं होतं.

आणि त्या तेलाच्या वेणीला हसू नका. दवाखान्यात जायचं म्हणून नटून येतात त्या.

शाहूपुरी चौथी गल्ली
वहिनी, तुमचं दुःख खरं, पण उपाय काय? अनोळखी माणूस दारात कागद घेऊन आला तर लोक आधी विचारतात, 'जमिनीचं काय हाय का?' नायतर ओटीपीवाला म्हणून हाकलतात, आणि बरोबरच करतात. आमच्या आईला बँकेतनं खरा फोन आला तरी ती ठेवून देते. मर्दा, इथं ओळखीशिवाय पोरीचं स्थळ बघत न्हाईत, आन् तुम्ही डोक्याला तारा लावून घ्या म्हणताय! लै पुस्तकी बोलू नका.

आकडेमोड
नैतिकता बाजूला ठेवू, मला नमुन्याची काळजी आहे. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला आणलं की सगळे एकाच थरातले निघतात. भिशीतल्या काकू साधारण एकाच शिक्षणाच्या, एकाच पेठेतल्या. स्मरणाच्या चाचण्यांवर शिक्षणाचा मोठा परिणाम असतो. १९७५ पासून वापरात असलेली ३० गुणांची एमएमएसई, म्हणजे स्मरण-आकलनाची छोटी चाचणी, घ्या. त्यात शंभरातून सात-सात वजा करत जायचं असतं. गुळाच्या अडतीत हयात घालवलेला माणूस ते डोळे मिटून करेल, शाळेचं तोंड न बघितलेली शेतमजूर बाई अडखळेल. याचा मेंदूच्या तब्येतीशी संबंध असेलच असं नाही. हरियाणात बल्लभगढला अशाच कारणानं १९९५ मध्ये हिंदी चाचणी वेगळी बेतावी लागली.

तुम्ही कोल्हापूर मोजताय असं छापाल आणि मोजली असेल उद्यमनगरची एक गल्ली.

उद्यमनगरचा
@आकडेमोड, तुमचं हत्यार तुमच्यावरच उलटतं. २०१३ च्या एका गाजलेल्या विश्लेषणात मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची सांख्यिकी ताकद (खरा परिणाम असेल तर तो सापडण्याची शक्यता) मध्यकाला जेमतेम २१ टक्के निघाली. कारण माणसं कमी. आणि २००८ च्या आढाव्यात मानसशास्त्राच्या बड्या नियतकालिकांमधल्या अभ्यासांत भाग घेतलेली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य, औद्योगिक देशांतली होती. अशा वेळी कोल्हापुरातल्या एका गल्लीची का होईना, लाट नोंदली जातेय हे काहीच नाही का? मी ओळखी वापरायचं थांबवलं तर नमुना सुधारणार नाही, शून्य होईल.

आकडेमोड
शून्य परवडलं. चुकीचा आकडा पुढं पन्नास जण उचलतात.

पूर्वीची सहायक
हे काम मी केलंय, दुसऱ्या शहरात. तुम्ही सगळे सहभागी माणसावरच्या दबावाबद्दल बोलताय, सहायकावरच्या दबावाचं कुणी काढत नाही.

करार थोड्या महिन्यांचा. मुदतवाढ मिळणार की नाही ते किती माणसं 'झाली' त्यावर. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफची संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० झाली म्हणून पेपरात छापून येतं, पण नेट नसलेल्या प्रकल्प सहायकाला तेवढं मिळत नाही हे घरच्यांना समजावता समजावता जीव जातो. शोधनिबंधात नाव? नुसती माहिती गोळा केली तर वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या नियमानुसार लेखकपद मिळत नाही, शेवटी आभारात एक ओळ. अशा वेळी संध्याकाळी आकडा कमी पडला की हात आपोआप फोनमधल्या 'मावशी' या नावाकडं जातो. मावशी ना म्हणत नाही, हे आपल्याला माहीत असतं. म्हणूनच आपण तिला फोन करतो.

उद्यमनगरकर, तुम्ही प्रामाणिक दिसता. पण 'कधीही उठून जा' हे वाक्य भाच्यानं म्हटलं तर त्याला अर्थ राहत नाही. टोपी चढलीय, तास गेलाय, भाचा घाम पुसतोय, कुठली मावशी उठेल? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कारण न देता, काही न गमावता माघार घेण्याचा हक्क आहे. इथं गमावण्यासारखं नातं असतं, ते त्या कागदात बसत नाही.

ओळखीतून आणा, माझी हरकत नाही. पण आणणारा आणि संमती घेणारा एकच माणूस नको.

शाहूपुरी चौथी गल्ली
ताई, दोनच माणसं हायत त्यांच्यात. तिसरा कुठनं आणायचा?

पूर्वीची सहायक
दोन पुरतात. त्याच्या ओळखीच्यांची संमती तिनं घ्यायची, तिच्या ओळखीच्यांची त्यानं. आणि त्या वेळी ओळखीचा माणूस खोलीत नको.

गंगावेसकर
पैलवानांचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमच्या वडिलांनी अशा अभ्यासात भाग घेतला आणि त्यांना मजा आली. कान मोडलेले, त्यामुळं कानाच्या पाळीला लावायचा चिमटा बसेचना. शेवटी कानामागच्या हाडावर इलेक्ट्रोड चिकटवला. घरी येऊन दोन दिवस तेच सांगत होते. म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी दोन तास बसून प्रश्न विचारतं, ऐकून घेतं, हे कमी आहे का? सगळ्यांनाच बळी ठरवू नका.

फक्त एक. तालमीत वस्तादांमार्फत निरोप देऊ नका. वस्ताद म्हणाले 'जावा रे' की सत्तरीतला पठ्ठ्याही उठतो. तिथं इच्छा-अनिच्छा कुणी विचारत नाही.

उद्यमनगरचा
वस्तादांचं मान्य. आयसीएमआरनंही विद्यार्थी आणि हाताखालची माणसं यांना वेगळी काळजी सांगितली आहे, तालीम त्यातच धरायला हवी. निरोप तिथूनच गेला होता, आता थेट घरी जाईन.

पण भिशीतल्या काकूंना 'दबलेल्या' म्हणणं मला अजून खटकतं. त्या भिशीत कुणाला नंबर द्यायचा यावरून चार-चार तास भांडतात. त्यांना नाही म्हणता येत नाही असं तुम्हीच ठरवून टाकलंत.

कागलची सून
भिशीत भांडतात, कारण तिथं पैसे त्यांचे असतात. मैत्रिणीच्या मुलाच्या नोकरीवर भांडत नाहीत.

मला फक्त एक सांगा. रिपोर्ट मिळणार नाही हे तुम्ही केव्हा सांगता?

उद्यमनगरचा
संमतीपत्रात तिसऱ्या पानावर आहे. वाचून दाखवतो.

कागलची सून
म्हणजे माणूस रिक्षा करून, तेल न लावता, खुर्चीत बसल्यावर. फोनवर का नाही?

पूर्वीची सहायक
या गैरसमजाला वैद्यकीय नीतिशास्त्रात १९८२ पासून नाव आहे, संशोधनाला उपचार समजणं. जुना रोग आहे. आणि तो मुख्यतः पांढरा कोट, मशीन, 'तपासणी' असे शब्द यांनी वाढतो. आम्ही शेवटी 'तपासणीला या' म्हणणं बंद केलं होतं.

शाहूपुरी चौथी गल्ली
फोनवरच सांगितलं तर निम्मी येणार नाहीत बगा.

कागलची सून
नाही आली तर नाही आली. त्या निम्म्यांना रिपोर्टच हवा होता, त्यांना सीपीआर रुग्णालयात किंवा मेंदूच्या डॉक्टरकडं जाऊ दे.

उद्यमनगरचा
ठीक. फोनवरचं पहिलंच वाक्य ते ठेवतो. सहकारी ज्या दिवशी केंद्रावर असते त्याच दिवशी माझ्या ओळखीचे बोलावतो, संमती ती घेईल, मी बाहेर थांबेन. ओळखीतून आणणं मात्र चालूच राहील, त्यावर माझं मत तेच आहे.

आकडेमोड
मग निबंधात लिहा तरी की नमुना ओळखीतून जमवला. सर काढून टाकतील ते वाक्य, तरी लिहा.