मदत हवी आहे: चादरींचं पान टेबलमध्ये बांधू की सीएसएसमध्ये?

नमस्कार मंडळी. सोलापुरात काकांचा चादरी-टॉवेलचा होलसेल धंदा आहे, त्यांचं कॅटलॉगचं पान मी सांभाळतो. जुनं पान अख्खं टेबलात टेबल घालून बांधलेलं. मोबाईलवर उघडलं की कडेची मोरपंखी चादर अर्धीच दिसते आणि भाव बघायला बोटाने आडवं सरकवावं लागतं.

म्हणून सीएसएस (पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा) मधल्या ग्रिड मांडणीत नव्याने बांधलं. आता मोबाईलवर एका ओळीत एक चादर, कॉम्प्युटरवर चार. फार सुंदर दिसतं. भावाचा तक्ता मात्र टेबलच ठेवलाय; ती खरोखरच रांगा-रकान्यांची माहिती आहे.

अडलंय ईमेलपाशी. हेच पान व्यापाऱ्यांना मेलनेही जातं आणि बरेच जण विंडोजवरचं जुनं आउटलुक वापरतात. त्यात २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन आहे, ग्रिड किंवा फ्लेक्स (सीएसएसचीच दुसरी मांडणी) चालत नाही. सगळ्या चादरी एकाखाली एक येतात. स्टाइल इनलाइन करून, म्हणजे प्रत्येक टॅगमध्येच लिहून पाहिली, फरक नाही. पीडीएफ व्यापारी उघडतच नाहीत.

साइट साध्या एचटीएमएलची आहे, वर्डप्रेस नाही. सर्व्हरवर पीएचपी (तिथेच पान तयार करणारी भाषा) चालतं. भाव सारखे बदलतात, त्यामुळे दोन फाइली हाताने सांभाळल्या तर चूक होणारच.

एकाच यादीतून साइटसाठी ग्रिड आणि मेलसाठी टेबल, अशी दोन्ही पानं काढायची सोपी पद्धत कोणती?