अकिहाबारातला रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार कुठे गेला?

जुना_कपॅसिटर
टोकियोच्या अकिहाबाराबद्दल जुनं काही वाचलं की व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या), ट्रान्झिस्टर, कॉइल. आत्ताचे व्हिडिओ पाहिले की ॲनिमेच्या मूर्ती आणि मेड कॅफे. मधे काय घडलं? ॲनिमेवाल्यांनी इलेक्ट्रॉनिक्सला हुसकावलं असं सर्रास म्हणतात, ते खरं का? आणि आज तिथून सुटे भाग घ्यायचे तर काय तपासावं?

ओहम_शून्य
हुसकावलं नाही. मजले आधी रिकामे झाले, मग ते आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अकिहाबाराच्या आसपासच्या कान्दा भागात रस्त्यावर लष्करी भंगारातले व्हॉल्व्ह विकले जायचे. जवळच्या विद्युत विद्यालयाचे (आजचं टोकियो डेंकी विद्यापीठ) विद्यार्थी त्यांतून रेडिओ जोडून विकत. तयार सेटवर कर असल्यामुळे जोडलेला रेडिओ बराच स्वस्त पडे. १९४९ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने रस्त्यावरचे ठेले उठवायचा हुकूम काढला आणि विक्रेत्यांची सोय रेल्वेच्या उन्नत मार्गाखाली झाली. रेडिओ सेंटर हे त्यातलंच. तिथले गाळे आजही पथारीएवढेच का, याचं उत्तर इथे आहे.

मग फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही आले आणि मुख्य रस्त्यावर मोठी दुकानं उभी राहिली. सुटे भाग मागच्या गल्ल्यांत सरकले. १९७६ मध्ये एनईसी या जपानी कंपनीने टीके-८० हा ८०८० जातीच्या प्रोसेसरचा किट ८८,५०० येनला काढला आणि रेडिओ काइकान इमारतीत बिट-इन हे केंद्र उघडलं. लोक शंका घेऊन तिथे येत. जपानमधला घरगुती संगणकाचा बाजार इथून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

खरा तडाखा उपनगरांतल्या साखळी दुकानांनी दिला. फ्रिज घेणारा गाडी घेऊन येतो. अकिहाबाराच्या अरुंद, उंच इमारतींना पार्किंग कुठलं? ते गिऱ्हाईक तुटलं, पण संगणकाने काही वर्षं तारलं. विंडोज ९५ ची जपानी आवृत्ती २३ नोव्हेंबर १९९५ च्या मध्यरात्री विकायला आली तेव्हा इथे तोबा गर्दी होती. मूर्ती बनवणाऱ्या काइयोदोने रेडिओ काइकानमध्ये दुकान थाटलं ते १९९७ मध्ये, म्हणजे घरगुती उपकरणांचा धंदा ओसरल्यावर.

रांग_क्रमांक_दोन
वरच्यात भर. संगणकही टिकला नाही. लाओक्स या साखळीचं फक्त संगणकांना वाहिलेलं दुकान १९९० ला उघडलं आणि २००७ ला बंद झालं. २००५ मध्ये स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला योदोबाशी या साखळीचं अजस्र दुकान आलं. उरलेली उपकरणांची विक्री तिकडे वळली. लाओक्स २००९ मध्ये चीनच्या सुनिंग या कंपनीकडे गेली आणि पर्यटकांसाठी करमुक्त दुकानं चालवू लागली. सुट्या भागांच्या गाळ्यांचं रेडिओ स्टोअर २०१३ मध्ये मिटलं. रेडिओ काइकानची जुनी इमारत २०११ मध्ये पाडायला घेतली, नवी २०१४ ला उघडली. आत बहुतेक मूर्ती, ट्रेडिंग कार्डं, पुस्तकं. नाव तेवढं रेडिओचं.

फ्लक्स_संपला
आता खरेदीचं. सुट्या भागांची अकिझुकी, सेनगोकू ही दुकानं आणि रेडिओ डिपार्ट, रेडिओ सेंटर इथले गाळे चालू आहेत. आधी अकिझुकीच्या संकेतस्थळावर भाग क्रमांक पाहून यादी करा. गाळेवाले लवकर आवरतात, म्हणून त्यांच्याकडे आधी जा. योदोबाशी रात्री दहापर्यंत उघडं असतं.

जपानी ट्रान्झिस्टरच्या नावाच्या सुरुवातीचं '२एस' त्यावर छापलेलं नसतं, नुसतं 'सी१८१५' दिसतं. ए आणि बी म्हणजे पीएनपी, सी आणि डी म्हणजे एनपीएन, जे म्हणजे पी-चॅनेल एफईटी (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर), के म्हणजे एन-चॅनेल. पुढचं अक्षर गेनचं, म्हणजे करंट किती पट वाढतो त्याचं: सी१८१५ मध्ये वाय म्हणजे १२० ते २४०, जीआर म्हणजे २०० ते ४००. हमखास चूक पायांची होते. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर सी१८१५ चे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. बीसी५४७ या दुसऱ्या एनपीएनचे कलेक्टर, बेस, एमिटर. बदली म्हणून तसाच खोचला की सर्किट मुकं, आणि माणूस तासभर सोल्डरला दोष देतो.

के१७० सारखे बंद झालेले जेएफईटी (एफईटीचाच एक प्रकार) 'जुना साठा' म्हणून मिळाले तर आधी नमुन्याला एक घ्या. गेट-सोर्स जोडा, ड्रेनला १० व्होल्ट द्या, करंट मोजा: जीआर गटाचा २.६ ते ६.५ मिलीअँपिअर, बीएल गटाचा ६ ते १२. एवढ्यावर भागत नाही, कारण नाव पुसून छापलेला दुसराच जेएफईटीही या पट्ट्यात बसू शकतो. म्हणून गेटला उणे ०.१ व्होल्ट द्या. खऱ्या बीएलचा करंट दीड-दोन मिलीअँपिअरने तरी पडतो. नकली जेमतेम हलतो.

'जंक' लिहिलेल्या खोक्यातला माल परत घेत नाहीत, तक्रारही ऐकत नाहीत. तिथले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुकट मिळाले तरी नकोत. ट्रान्सफॉर्मर, स्विच, हीटसिंक मात्र जरूर उचला.

जुना_कपॅसिटर
उत्तम. जुना ॲम्प्लिफायर, टर्नटेबल किंवा रेडिओ आणला तर?

फ्लक्स_संपला
ॲम्प्लिफायर १०० व्होल्टचा असतो. बाजारातला ११० व्होल्टचा स्टेप-डाउन लावू नका. आपली लाइन २५० वर गेली की तो १२० देतो, म्हणजे २० टक्के जास्त. २३० ते १०० असा, प्रायमरी आणि सेकंडरी वाइंडिंग वेगवेगळ्या असलेला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्या. मागच्या पट्टीवर १५० वॉट असेल तर किमान २५० व्हीएचा.

सिंक्रोनस मोटरच्या (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) टर्नटेबलची पुली पाहा. पूर्व जपानमध्ये ५० हर्ट्झ, पश्चिमेत ६०. ६० ची पुली आपल्याकडे ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे देईल.

ओहम_शून्य
रेडिओची गोम वेगळी. जपानी एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, नव्या सेटवर ९५ पर्यंत. आपल्या ८८ ते १०८ पैकी टोकाचा तुकडाच लागतो. पण डायलवर 'टीव्ही १-३' असेल तर घ्या. त्या वाहिन्या ९० ते १०८ मध्ये होत्या, त्यामुळे असा सेट आपला पूर्ण पट्टा पकडतो.