मदत हवी आहे: जनरेटरवर गाडीतल्या बॅटऱ्या लवकर चार्ज कशा कराव्यात? (सातारा)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये झोपायची सोय, छोटा ओटा आणि १२ व्होल्टचा फ्रिज बसवून घेतला. हे सगळं अण्णांसाठी. त्यांना रात्री सीपॅप (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं) मशीन लागतं, इन्सुलिन थंड ठेवावं लागतं आणि लॉजवर मध्यरात्री लाईट गेली की त्यांचा जीव घाबरा होतो. आता बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी मुक्काम केला तरी ते निवांत झोपतात.

अडचण सकाळी सुरू होते. १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या पॅरललमध्ये आहेत, रात्रभरात साधारण १०० एएच खर्ची पडतात. पावसाळ्यात सोलर नावापुरताच, म्हणून २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. त्यावर १२ व्होल्ट डीसीचं सॉकेट बघून मला वाटलं, झालं काम. चार तास चालवून क्लॅम्प मीटर (करंट मोजायचं साधन) लावला तर जेमतेम ८ अँपिअर! या हिशेबाने बारा तासांतही भागायचं नाही.

मग २३० व्होल्टच्या सॉकेटवर घरचा जुना इन्व्हर्टर लावून त्याच्या चार्जरने बघितलं. १५ अँपिअर मिळाले. पण इन्व्हर्टरच्या टोकाला १४.४ व्होल्ट आणि बॅटरीच्या टर्मिनलवर १३.१. मधली वायर २.५ स्क्वेअर एमएमची, ड्रायव्हर सीटमागून डिकीपर्यंत सहा मीटर. हात लावला तर कोमट लागते.

वायरमन म्हणतो ५ केव्हीएचा जनरेटर घ्या, बॅटरीवाला म्हणतो लिथियम टाका. दोन्ही खर्च एकदम झेपणारे नाहीत. आणि पाण्याकाठी पाच-सहा तास जनरेटर धडधडत ठेवणं मनाला पटत नाही, आजूबाजूलाही माणसं मुक्कामाला असतात. दोन तासांत उरकेल असं काही आहे का?

—

दादा, सांगलीहून लिहितोय, बॅटरी-वायरिंगचंच काम करतो. जनरेटर बदलू नका. ४० अँपिअरला १४.४ व्होल्टने ५७६ वॅट होतात, चार्जरचं नुकसान धरून सातशेच्या आसपास. तुमचा २ केव्हीए त्याला पुरून उरतो. तो डीसी सॉकेट अडीनडीला गाडीची बॅटरी उठवण्यापुरता असतो, त्याचा नाद सोडा.

खरा चोर ती वायर आहे. १.३ व्होल्ट तिथेच जिरतात, त्यामुळे चार्जरला वाटतं बॅटरी भरत आली आणि तो हात आखडतो. ४० अँपिअरचा स्मार्ट चार्जर घ्या, बॅटरीच्या शेजारी बसवा आणि २५ स्क्वेअर एमएम तांब्याची दीड मीटर केबल टाका. ०.१ व्होल्टसुद्धा पडणार नाही. लांबी वाढवायची तर २३० व्होल्टच्या बाजूची वाढवा. पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे दोन्ही सारख्या भरतील. फ्यूज विसरू नका.

ट्यूब्युलरला क्षमतेच्या १० ते १५ टक्के करंट चालतो, म्हणजे तुम्हाला ३० ते ४५. त्यापेक्षा जास्त घुसवाल तर पाणी उडेल, प्लेटा तापतील. आणि शेवटचे १५-२० टक्के लेड-ॲसिड सावकाशच घेते, कितीही मोठा चार्जर लावा. त्यासाठी पेट्रोल जाळू नका. घरी आल्यावर रात्रभर लाईटवर पूर्ण भरा, नाहीतर प्लेटांवर सल्फेटचा थर धरेल.

एक कळकळीने सांगतो, जनरेटर गाडीपासून लांब आणि सायलेन्सरचं तोंड खिडक्यांच्या उलट्या दिशेला ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आत अण्णा झोपलेले असतात.

—

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिला दीड तास ४० च्या आसपास, मग करंट उतरत पंचविसावर आला. दोन तासांत सत्तर एएचच्या वर भरलं आणि जनरेटर बंद केला. टर्मिनलवर १४.३ दिसत होते. घरी रात्रभर भरल्यावर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायचं साधन) लावला: अकरा सेलमध्ये १.२४० आणि डावीकडच्या बॅटरीच्या एका सेलमध्ये १.२१०. पाण्याची पातळी बरोबर आहे. इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जादा चार्जिंग) करून बघू, की हा सेल जायच्या वाटेवर आहे?