आंजर्ल्याचं कॉटेज: दादाचा हिशोब, ताईची वही

दादा (ठाणे): सगळ्यांनी वाचा. आंजर्ल्याच्या वाडीत विहिरीजवळ दोन खोल्यांचं कॉटेज बांधून पर्यटकांना भाड्यानं द्यायचं म्हणतोय. ठेकेदार १५ लाख सांगतो. रात्रीचे ३,५०० धरले आणि वर्षात २५० रात्री भरल्या, तरी पावणेनऊ लाख येतात. कर्ज दोन वर्षांत फिटेल.

काका: जागा आपली, विहीर आपली. मला पटतंय.

ताई (दापोली): दादा, जरा थांब. चार वर्षं मी दोन खोल्या चालवतेय, वही समोर ठेवूनच लिहिते. २५० रात्री कुठून आणणार? माणसं शनिवारी दुपारी येतात नि रविवारी जेवून निघतात. आठवड्याला रात्र एकच. ५२ शनिवारांतले जून ते सप्टेंबरचे सतरा गेले, उरले ३५. फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावी, त्यामुळे पोरं असलेली कुटुंबं घरीच. कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा थोडी गर्दी होते, म्हणून माझे २८ शनिवार भरले. शुक्रवारच्या १२ रात्री, दिवाळी ५, नाताळ ते ३१ डिसेंबर ७, मे महिन्यातले आडवार १५, जोडसुट्ट्या ८, पावसात ५. एकूण ८०. हे माझं चांगलं वर्ष.

दादा: फक्त ८०?

ताई: हो. ८० गुणिले ३,५०० म्हणजे २ लाख ८० हजार. आता खर्च. राखणदाराला महिना ८,००० म्हणजे ९६ हजार. वीज ३६. चादरी धुणं, साफसफाई २४. निम्मी बुकिंगं साइटवरून, पंधरा टक्क्यांनी त्यांचे २१. मे महिन्यात विहीर तळ गाठते, टँकरचे ६. पावसाआधी शाकारणी, रंग, प्लंबर धरून ३०. गेले २ लाख १३ हजार. हातात ६७ हजार.

ताई: आणि १५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलंस, तर हप्ता महिन्याला १५,२०० च्या घरात. वर्षाला १ लाख ८२ हजार. बाकीचे १ लाख १५ हजार तुझ्या पगारातून जाणार. हे तुला झेपेल का, एवढंच मला कळत नाहीये.

वहिनी: जुलैत गाद्यांना येणारा कुबट वास लिहायचा राहिला. गेल्या वर्षी दोन गाद्या टाकून दिल्या. कपाटातल्या उशांवर हिरवी बुरशी होती.

आत्या: विहिरीजवळ म्हणजे पोफळीच तोडणार ना? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी वाडी आडवी झाली. तेव्हा लावलेली रोपं आत्ता कुठे धरायला लागलीत. त्यांना हात लावू नका, बाबांनो.

दादा: आत्या, पोफळी नाही तोडत. पण ताई, मग वाडी नुसती पडून राहू द्यायची?

ताई: नाही रे. ओसरीलगतची खोली आहे ना, तिला संडास-न्हाणी जोडू. दीड-दोन लाखांत होईल, कर्ज नको. दिवाळी ते मे असा एक हंगाम चालवू, रात्री वहीत मांडू. साठ भरल्या तर कॉटेजचं बोलू. सांभाळायला मी येईन, राखणदार नको.

काका: हे बरं. संडासाची टाकी कुठे घेणार? विहिरीपासून लांब हवी.

ताई: गोठ्यामागे. रविवारी गवंड्याला घेऊन जाते. दादा, येतोस का?

दादा: शनिवारी रात्रीच पोचतो. वही काढून ठेव.