मदत हवी आहे: संमतीने होणारी गोष्ट विकृती केव्हा ठरते?

नमस्कार. मी सांगलीचा. लग्न 2016 साली झाले, मुलगी शाळेत जाते. नाव न देता लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

काही महिने अंगात थकवा असल्यामुळे एका ओळखीच्याने सुचविलेल्या ‘तज्ज्ञां’कडे गेलो. कामानिमित्त आठवडाभर बाहेरगावी असलो की हस्तमैथुन होते आणि घरी आम्हा दोघांत, दोघांच्याही इच्छेने, अधूनमधून मुखमैथुन होते, असे मी विचारल्यावर खरे ते सांगितले. त्यांनी लांबट वहीत ‘सवयी’ या शब्दापुढे लाल शाईने ‘अनैसर्गिक’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या, धातू, म्हणजे वीर्य, जातो म्हणून थकवा येतो असे निदान केले आणि दुधातून घ्यायच्या 40 पुड्या दिल्या. रक्त तपासणे दूरच, साधा रक्तदाबही पाहिला नाही. घरी सांगितल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षे आपण दोघे आजारी होतो?” तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून झोपते.

माझा गोंधळ मोजपट्टीचा आहे. पुष्कळ लोक करतात म्हणून एखादी गोष्ट योग्य म्हणावी, तर आमच्याकडे तंबाखू मळणारेही पुष्कळ आहेत. थोडे लोक करतात म्हणून विकृत म्हणावी, तर डावखुऱ्यांनाही रोगी म्हणावे लागेल. कायदा पाहावा, तर ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या कलम 377 मध्ये पतीपत्नींनाही सूट लिहिलेली नव्हती, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध त्यातून वगळले. त्या दिवशी आमच्या घरात तर काहीच बदलले नव्हते. मग विकृती ठरवायची कशावरून, आणि पुड्या चालू ठेवाव्यात काय?

प्रतिसाद (सातारा):

आपला प्रश्न जुना आहे. वाचकांच्या अशाच शंकांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता, आणि 1934 साली त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते.

मोजपट्टी संख्येची नाहीच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या वर्गीकरणाने तर वेगळी लैंगिक आवड आणि लैंगिक विकार यांत स्पष्ट फरक केला: त्या आवडीमुळे स्वतःला त्रास होत असेल, किंवा दुसऱ्याला इजा होत असेल वा त्याची संमती नसेल, तरच विकार. त्यातही केवळ लोकलाजेने होणारा त्रास धरत नाहीत. आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तर वेगळ्या आवडीतही मोडत नाहीत. वीर्य शरीर सतत तयार करते. तो साठवलेला रांजण नव्हे की ओतला आणि संपला. धातू जाण्याच्या या भीतीलाच मानसोपचारशास्त्रात ‘धात सिंड्रोम’ असे नाव आहे. मुखमैथुनातून लैंगिक आजारांचा संसर्ग होऊ शकतो, एवढी एक गोष्ट खरी. परंतु दोघांपैकी कोणालाही तसा आजार नसेल तर ती काळजी नको.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. डॉक्टरांकडे वहिनींनाही सोबत न्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले बरे. पुड्या आजच थांबवा, परंतु फेकू नका. अशा काही औषधांत शिसे सापडलेले आहे, तेव्हा उरलेली एक पुडी डॉक्टरांना दाखवा.