ग्रिमेटनचे सहा टॉवर: अँटेना नक्की कोणती?

सातारी_हॅम:
गेल्या २४ डिसेंबरला दुपारी दीडला ट्वेन्टे विद्यापीठाच्या ऑनलाइन रिसीव्हरवर १७.२ किलोहर्ट्झ लावून बसलो होतो. खणखणीत मोर्स आला, कॉलसाइन (स्टेशनची ओळख) एसएक्यू. म्हणजे स्वीडनचं जुनं रेडिओ स्टेशन ग्रिमेटन. फोटोत एका रांगेत सहा टॉवर दिसतात. एकाच फ्रिक्वेन्सीला सहा अँटेना कशाला? आणि आत एकही व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) नाही म्हणतात, ते खरं का? कुणी प्रत्यक्ष गेलंय?

गोथेनबर्गकर:
गेलोय की. इथून वारबर्गपर्यंत ट्रेन, तिथून थोडं आत शेतांमध्ये.

ते टॉवर म्हणजे अँटेना नाहीत हो, नुसते खांब! प्रत्येक १२७ मीटर उंच, डोक्यावर ४६ मीटरचा आडवा हात, दोन टॉवरमध्ये ३८० मीटर. त्या हातांवरून तारा ओढल्यात, पूर्वी १२ होत्या, आता ८. आणि प्रत्येक टॉवरपाशी एक तार खाली जमिनीवरच्या भल्यामोठ्या कॉइलला येते. लहरी फेकतात त्या या उतरत्या तारा. वर बघून बघून मान अवघडते.

व्हॉल्व्ह खरंच नाहीत. अलेक्झांडरसन या इंजिनिअरचा अल्टरनेटर आहे, म्हणजे वीज तयार करणारं चक्क फिरतं यंत्र. १.६ मीटर व्यासाची पोलादी चकती, कडेला ४८८ खाचा, मिनिटाला २११५ फेरे. गुणा आणि ६० ने भागा, १७.२ किलोहर्ट्झ येतात की नाही बघा. वेग ढळला की फ्रिक्वेन्सी ढळली, त्यामुळे सगळा जीव वेग सांभाळण्यात. सुरू करताना घरघर चढत चढत एका सुरावर येऊन बसते, मग शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. अशी दोन यंत्रं होती. एक १९६० च्या दशकात भंगारात काढलं, काय म्हणावं!

पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या केबल दुसऱ्यांच्या हातात असल्याचा चटका स्वीडनला बसला होता. त्यात अमेरिकेत गेलेले स्वीडिश लोक लाखोंनी. म्हणून थेट न्यूयॉर्कशी बोलणारं स्टेशन हवं होतं. १ डिसेंबर १९२४ ला संदेश पाठवणं सुरू, २ जुलै १९२५ ला राजे पाचवे गुस्ताव यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन. पुढे शॉर्टवेव्हने तारसंदेशांचा धंदा पळवला, पण इतकी लांब लहर समुद्राच्या पाण्यात थोडी आत शिरते. पाणबुड्यांसाठी नौदलाला ती हवीच होती, त्यामुळे स्टेशन टिकलं. २००४ पासून जागतिक वारसा.

मीडियमवेव्ह_निवृत्त:
आमच्या मीडियमवेव्हला टॉवर हीच अँटेना, खाली पोर्सिलेनच्या इन्सुलेटरवर उभी. मुंबईच्या १०४४ किलोहर्ट्झची लहर २८७ मीटर, टॉवर लागतो तिच्या चौथ्या हिस्स्याएवढा, म्हणजे ७२ मीटर. तेवढा टॉवर उभा करता येतो. ग्रिमेटनची लहर १७.४ किलोमीटर, चौथा हिस्सा सव्वाचार किलोमीटरच्या वर! एवढा उंच टॉवर कोण बांधणार? म्हणून वरच्या तारांचा पसारा. त्या लहर फारशी फेकत नाहीत, उभ्या तारांतला करंट वाढवतात.

सातारी_हॅम:
वा, आता कळलं. घरच्या अँटेनावर मिळेल का?

गोथेनबर्गकर:
भारतात अवघडच. पण वेगळ्या रेडिओची गरज नाही: तारेची मोठी लूप अँटेना, सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारं कॉम्प्युटरचं साउंडकार्ड आणि फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. घरातले चार्जर आणि एलईडी बंद करा, तेच जास्त बोंबलतात. जुलैच्या सुरुवातीला अलेक्झांडरसन दिनही असतो, तेव्हाही स्टेशन संदेश पाठवतं, वेळापत्रक आधी बघून ठेवा.