मदत हवी आहे: नायट्रस गॅसला पालक ‘भूल’ समजतात, वर मे महिन्याचं ऊन

वैनगंगाकाठ:
तालुक्याला दातांचा दवाखाना आहे, नायट्रस-ऑक्सिजनचं (लेकरांची भीती घालवायला हुंगवायच्या गॅसचं) मशीन घ्यायचं चाललंय. गॅस म्हटलं की आईबाप ‘पोरगं उठलंच नाही तर?’ म्हणून परत जातात. त्यात पारा ४५ वर, लाईटीचा नेम नाही. जमेल का?

पळसबन:
‘भूल’ शब्दच काढू नका. लेकरू जागं असतं, सांगितलं की ‘आ’ करतं. गॅस हुंगायची नाकावरची टोपी आधी आईच्या नाकाला लावून दाखवा. सुन्न करायची सुई तरी टोचावीच लागते; तेही आधीच सांगा, नाहीतर फसवलं म्हणतात.

सुरुवातीला २-३ मिनिटं निव्वळ ऑक्सिजन, मग नायट्रस १०-१० टक्क्यांनी वर. बहुतेकांना ३० ते ४० पुरतं: खुर्चीला आवळलेल्या मुठी सुटतात. मळमळ किंवा तोंड आपोआप मिटणं म्हणजे जास्त झालं. शेवटी ५ मिनिटं पुन्हा ऑक्सिजन, कारण रक्तातला नायट्रस भराभर फुप्फुसात उतरून ऑक्सिजनची जागा खातो. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर पुढची तारीख द्या.

मोहसावली:
जुनं मशीन असेल तर पैसे द्यायच्या आधी दोन्ही गॅस चालू करून ऑक्सिजनचा सिलिंडर बंद करा. फ्लोमीटरमधला (गॅस किती वाहतोय ते दाखवणाऱ्या नळीतला) नायट्रसचा गोळा खाली पडलाच पाहिजे. नाही पडला तर ऑक्सिजनविना नुसता नायट्रस जातोय; फुकटही घेऊ नका.

असल्या गोळ्यावाल्या मशीनमध्ये लाईट गेली तरी गॅस वाहतोच. थांबतं ते उच्छ्वासातला नायट्रस खोलीबाहेर ओढणारं सक्शन. ते इन्व्हर्टरवर घ्या. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यापेक्षा खिडकीतला कूलर बरा, समोरची खिडकी उघडी ठेवून. असिस्टंट गरोदर असेल तर तिला त्या खोलीत नको.

नायट्रसच्या निळ्या सिलिंडरचा काटा फसवतो. आत द्रव आहे तोवर तो ५० बारच्या आसपास अडून राहतो, मग एकदम पडतो. वजन करून पाहा. ३६.४ अंशांवर तर द्रव राहतच नाही; टिनाच्या शेडमध्ये काटा चढला म्हणजे गॅस वाढला असं नव्हे. सिलिंडर सावलीत ठेवा.

वैनगंगाकाठ:
सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आजाराची) लेकरंही येतात.

पळसबन:
तेवढ्याने गॅस बाद होत नाही. त्यांना घातक ऑक्सिजन कमी पडणं; गॅसमधला ऑक्सिजन ५० टक्क्यांखाली नेऊ नका, बोटाला ऑक्सिमीटर हवाच. वारंवार मात्र नको, नायट्रस बी-१२ निकामी करतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि खर्रा (सुपारी-तंबाखू) खाऊन तोंड दोन बोटंही न उघडणारा मोठा माणूस आला तर गॅसची आशा दाखवू नका. भीती जाईल, जबडा उघडणार नाही.